बागेत पक्ष्यांसाठी पाणी ठेवायचंय: कारंजं घ्यावं की उथळ थाळी?

अंगणवेडी

नमस्कार मंडळी. घरामागे छोटी बाग आहे, साधारण १२ फूट रुंद आणि १८ फूट लांब. डावीकडे जास्वंदीचं दाट कुंपण, टोकाला एक मोठं झाड आणि घराच्या बाजूला खोलीची मोठी काचेची खिडकी. झाडं आता चांगली रुजली आहेत, पण बागेत पाणी नाही. पक्षी येतात, क्षणभर टेकतात आणि निघून जातात.

त्या काचेमागे माझे सासरे दिवसभर बसलेले असतात. पायांनी साथ सोडलीये, नजरही अंधुक झालीये, कान मात्र शाबूत आहेत. बाहेर काही किलबिललं की लगेच मान वळते. हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठी.

दोन वस्तू बघून आलेय. पहिलं म्हणजे तीन टप्प्यांचं फायबरचं कारंजं, चार फूट उंच, मोटर आतच, खालचं कुंड ९ इंच खोल. त्याचा आवाज फार सुंदर आहे. दुसरी, खांबावरची निळी ग्लेझ केलेली थाळी. आत अगदी चकचकीत, मधे ३ इंच खोल. दिसायला देखणी, पण आवाज नाही. कोणतं घेऊ?

जुना पिंपळ

ताई, आज तरी दोन्हीपैकी काहीच घेऊ नका.

आधी खोलीचं बोलू. पक्ष्याला अंघोळीला लागणारं पाणी आपल्याला वाटतं त्याहून फार कमी असतं. चिमणीएवढ्या पक्ष्याला इंचभर पुरतं, साळुंकी किंवा होल्याला दोन इंच. भांडं असं हवं की काठाशी अर्धा इंच पाणी, तिथून हळूहळू उतार आणि मधे फार तर दोन-अडीच इंच. पक्षी पाण्यात उभा राहतो, पोट टेकवतो आणि पंखांनी पाणी पाठीवर उडवतो. पाय टेकत नसतील तर तो आत उतरतच नाही. काठावरून दोन घोट पितो आणि जातो.

९ इंचांच्या कुंडाबद्दल मला वेगळीच काळजी आहे. माझ्याकडे पूर्वी झाडांना घालायच्या पाण्याचा टब भरलेला असायचा. एका सकाळी त्यात बुलबुलाचं नुकतंच उडायला लागलेलं पिल्लू मेलेलं सापडलं. टबाच्या कडा उभ्या आणि गुळगुळीत, वर यायला कसलाच आधार नव्हता. बरीच वर्षं झाली त्याला, पण अजूनही बागेत शिरलो की आधी पाण्यात डोकावतो. तेव्हापासून माझ्याकडच्या प्रत्येक खोल पाण्यात एक तिरकी फळी किंवा पाण्याबाहेर डोकावणारा दगड असतो म्हणजे असतोच.

निळ्या थाळीची अडचण चकाकीची आहे. ग्लेझ ओलं झालं की निसरडं होतं, आणि पाय घसरला की पक्षी घाबरून उडतो. खरखरीत तळ हवा. तशी थाळी घेतलीच तर आत चपटे दगड मांडा, खोलीही कमी होईल आणि पायालाही आधार मिळेल.

तोवर कुंडीखाली ठेवतात ती मातीची मोठी ताटली आणा, १५-१६ इंच रुंद. पाणी भरा, एक दगड ठेवा आणि १०-१२ दिवस जागा बदलून बदलून बघा. पक्षी कुठे उतरतात ते तेच सांगतील.

पानगळ

जुना पिंपळ यांना +१.

मी नेमकं उलट केलं होतं. आधी सिमेंटचं जड भांडं आणलं आणि थेट झाडाखाली मांडलं. रोज त्यात पानं आणि फळं पडायची, वरच्या फांदीवर बसणाऱ्यांची विष्ठाही पडायची. संध्याकाळपर्यंत पाणी काळं. हलवायला चार माणसं बोलवावी लागली. दुपारची सावली हवी, पण फांदीच्या बरोबर खाली नको.

आणि सिमेंटचं भांडं नवीन असेल तर लगेच वापरू नका. नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो. काही आठवडे पाणी भरायचं, फेकायचं, घासायचं, मग पक्ष्यांसाठी ठेवायचं.

झुळझुळ

मी कारंज्याच्या बाजूने बोलते, कारण माझ्याकडे ते आहे आणि माझा जीव आहे त्याच्यावर.

वाहत्या पाण्याचा आवाज पक्ष्यांना लांबून ऐकू येतो. साध्या थाळीकडे आठवडाभर कुणी फिरकलं नव्हतं. कारंजं सुरू केलं आणि दुसऱ्याच दिवशी बुलबुलाची जोडी हजर. वरचा टप्पा जेमतेम दीड इंच खोल आहे, तिथे अंघोळी चालतात. शिंजीर तर उडणाऱ्या तुषारांतून आरपार जातो, मग शेजारच्या ओल्या पानांवर अंग घासतो. पाणी सतत हलत असल्यामुळे डासही अंडी घालत नाहीत. ताईंच्या सासऱ्यांसाठी आवाज महत्त्वाचा आहे, तो मुद्दा बाजूला पडू नये.

जुना पिंपळ

झुळझुळताई, आवाजाचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. फक्त एक विचारतो, खालचं कुंड किती दिवसांनी रिकामं करून घासता?

झुळझुळ

काका, खरं सांगायचं तर दोन-तीन आठवड्यांनी. एकटीने होत नाही. टप्पे उतरवायचे, मोटर काढायची, जाळीत अडकलेली पिसं आणि शेवाळ काढायचं, अर्धा दिवस जातो. वरचे दोन टप्पे मात्र दर दोन दिवसांनी ब्रशने घासते.

जुना पिंपळ

हेच मला हवं होतं. ताईंनी भांडं निवडताना स्वतःला आधी हा प्रश्न विचारावा: हे मी एकटी, दोन मिनिटांत, कंटाळा आलेला असतानाही रिकामं करू शकेन का? तसं नसेल तर हळूहळू दिवस लांबत जातात. पहिला महिना हौस असते, तिसऱ्या महिन्यात कडेला हिरवं साचतं. पक्षी त्याच पाण्यात अंघोळ करतात, त्यातच विष्ठा टाकतात आणि तेच पितात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. १५ इंचांच्या उथळ ताटलीत तीन लिटरही मावत नाही, ती कुणालाही उचलता येते.

दयाळ

पक्षी-निरीक्षणाची आवड असल्यामुळे जागेबद्दल लिहितो. माझ्या मते भांड्यापेक्षा जागा जास्त महत्त्वाची.

ओला पक्षी जड होतो, त्याला झटकन उडता येत नाही. अंघोळ करतानाचा तो अर्धा मिनिट त्याच्यासाठी सगळ्यात धोक्याचा असतो. मांजर कुंपणात दबा धरून बसते आणि एका झेपेत पोचते. म्हणून दाट झुडपापासून भांडं निदान ६-७ फूट लांब आणि चहूबाजूंनी मोकळं हवं. पण अगदी उघड्यावरही नको, वरून शिक्रा हा शिकारी पक्षी येतो. आठ-दहा फुटांवर एखादी फांदी असावी. अंघोळ झाली की पक्षी तिथे बसून अंग फडफडवतो आणि चोचीने एकेक पीस विंचरतो. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, त्यातलं तेल चोचीने घेऊन पिसांना लावतो. ओली पिसं नीट बसवायला सोपी जातात. पिसं नीट नसतील तर उडणंही बिघडतं आणि ऊबही टिकत नाही, म्हणून थंडीतही पक्षी अंघोळीला येतात. पिण्याचं म्हणाल तर पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. उन्हात चोच उघडी ठेवून धापा टाकतात, तेव्हा शरीरातलं पाणीच उडून जात असतं. त्यातून दाणे खाणाऱ्यांना जास्त तहान, कारण किडे आणि फळं खाणाऱ्यांना अन्नातूनच बरंच पाणी मिळतं.

आता तुमची काच. काचेत झाडाचं आणि आभाळाचं प्रतिबिंब पडतं, पक्ष्याला ती मोकळी वाटच वाटते. पाण्यावरून दचकून उडालेला पक्षी सरळ काचेवर आदळतो. भांडं काचेपासून एक मीटरच्या आत असेल तर त्याला वेग घ्यायला जागाच मिळत नाही, धडकला तरी सहसा वाचतो. नाहीतर ३० फुटांपलीकडे ठेवा, जे तुमच्या बागेत शक्य नाही. मधलं अंतर सगळ्यात वाईट, आणि तुमची जवळजवळ सगळी बाग त्या मधल्या अंतरातच येते. म्हणजे काचेच्या अगदी जवळ, हीच तुमची जागा. शिवाय काचेच्या बाहेरून दोन-दोन इंचांवर ठिपके चिकटवा किंवा दोऱ्या सोडा. आतून चिकटवलेल्याचा फारसा उपयोग नाही, कारण प्रतिबिंब बाहेरच्या बाजूला पडतं.

अंगणवेडी

दयाळदादा, हे वाचून अंगावर काटा आला. गेल्या वर्षी त्या काचेखाली दोन मेलेले पक्षी सापडले होते, मांजराचं काम समजून आम्ही विसरून गेलो. ठिपके उद्याच लावते. आणि एक मीटर म्हणजे सासऱ्यांच्या खुर्चीच्या अगदी समोर.

पहाटवारा

डासांचं काय पण? आमच्याकडे घरात लहान बाळ आहे, म्हणून उघड्या पाण्याची हिंमतच होत नाही.

पानगळ

उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. त्याआधी पाणी ओतून दिलं की साखळी तुटली. मी एक दिवसाआड बदलते, उन्हाळ्यात रोज. पण नुसतं ओतून उपयोग नाही, घासावंही लागतं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या कडेला अंडी चिकटवतो. ती सुकली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. कडेवरून ब्रश जोरात फिरवायचा. जुनं पाणी झाडांच्या मुळाशी ओता, अळ्या जमिनीवर मरून जातात.

कृपा करून कुणी डासांसाठी पाण्यावर तेल टाकू नका. ते पिसांना लागलं की पिसं चिकटतात. मोठ्या कुंडासाठी बीटीआय नावाच्या जिवाणूच्या वड्या मिळतात, त्या अळ्यांना मारतात आणि पक्ष्यांना त्रास होत नाही. छोट्या थाळीला त्याची गरज नाही, हात पुरतात.

जुना पिंपळ

सफाईबद्दल थोडं माझंही. रोज नुसता कडक ब्रश आणि स्वच्छ पाणी. साबण शक्यतो नकोच, त्याचा अंश राहिला तर पिसांवरचं तेल जातं. पांढरे क्षार बसले असतील तर व्हिनेगर. महिन्यातून एकदा ९ भाग पाण्यात १ भाग ब्लीच घालून दहा मिनिटं ठेवायचं, मग वास जाईपर्यंत धुवायचं आणि उन्हात खडखडीत वाळवायचं. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीच नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तर जिवावर बेतेल.

पिसं फुगवून मलूल बसलेला किंवा डोळे सुजलेला पक्षी दिसला की पाणी लगेच काढून घ्या. कबुतरांच्या घशाचा ट्रायकोमोनास आणि साल्मोनेला हे दोन्ही रोगजंतू अशा सामायिक पाण्यातून पसरतात. भांडं ब्लीचने धुवा आणि दोन आठवडे पाणी ठेवू नका, म्हणजे पक्षी पांगतात. जीव तुटतो, पण करावं लागतं.

तारवाला

मोटरबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. अशा पंपांचं काम नेहमी करतो.

ताई, ते चार फुटांचं कारंजं घ्यायचंच ठरवलं तर पंपावरचे दोन आकडे बघा. एक, तासाला किती लिटर पाणी. दुसरा, जास्तीत जास्त उंची. यात लोक हमखास फसतात. १.५ मीटर लिहिलं असेल तर त्या उंचीवर पाण्याचा प्रवाह शून्य असतो, जेमतेम पोचतं इतकंच. चार फूट म्हणजे १.२ मीटर. तिथे चांगली धार हवी असेल तर दोन-अडीच मीटरचा पंप घ्या आणि नळीवरचा कॉक फिरवून कमी करा.

पंप कोरडा चालला की जळतो. उन्हाळ्यात बाष्पीभवन होतं, वाऱ्याने तुषार बाहेर जातात, पाणी खाली उतरतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. उसळत्या धारेची उंची कुंडाच्या रुंदीच्या निम्म्यापेक्षा जास्त नको, नाहीतर निम्मं पाणी जमिनीवर.

वीज आणि पाणी एकत्र असतील तिथे ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, असलीच पाहिजे. शक्यतो १२ व्होल्टचा पंप घ्या आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर घराच्या आत, कोरड्या जागी ठेवा. कुंडात हात घालण्याआधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

पाण्यावर तरंगणारी सौर कारंजी स्वस्त आणि सोपी, पण ढग आला की थांबतात. थेट ऊन लागतं आणि तुम्हाला भांडं सावलीत हवंय, म्हणजे पॅनल वेगळा आणि वायर लांब असलेलं बघावं लागेल.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. सासऱ्यांना आवाज हवा असेल तर मोटरशिवायही होतं. थाळीच्या वर पाण्याची बाटली टांगा आणि सलाईनच्या नव्या नळीने थेंब सोडा, तिला चाक असतं, वेग हवा तसा ठेवता येतो. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसभरात चार लिटरच्या आसपास पाणी जातं. ‘टप्’ हा जो गोड आवाज येतो तो थेंबाबरोबर पाण्यात अडकलेला हवेचा इवलासा बुडबुडा थरथरतो त्याचा. म्हणून थेंब दगडावर नको, पाण्यातच पडू दे, आणि जिथे सगळ्यात जास्त खोली आहे तिथे.

झुळझुळ

तारवालादादा, हे मला माहीत नव्हतं. फार छान. मी माझं कारंजं ठेवणारच आहे, पण खालच्या कुंडात आजच दगड रचते. पिल्लाचं वाचल्यापासून चैन पडत नाहीये.

अंगणवेडी

बारा दिवसांनी परत आलेय, सविस्तर लिहिते.

मातीची १६ इंची ताटली घेतली, मधे एक खडबडीत दगड. आधी जमिनीवर, बागेच्या मध्यावर ठेवली. चार दिवस कुणीच नाही. पाचव्या दिवशी सातभाईंचा थवा संध्याकाळी उतरला आणि सगळ्यांनी मिळून ताटली कोरडी केली. सातव्या दिवशी मांजर कुंपणापाशी दिसली, तशी ताटली उचलली आणि काचेपासून हातभर अंतरावर एका अडीच फुटी जुन्या तिवईवर मांडली. काचेला बाहेरून ठिपके लावून झाले होते. दोन दिवस पुन्हा शांतता. मग चिमण्या आल्या, त्यांच्या मागून बुलबुल, आणि आता दुपारी होल्याची जोडी येते.

होला पाणी पितो ते पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. बाकीचे पक्षी चोचीत पाणी घेऊन मान वर करतात, हा चोच बुडवून तसाच ओढत राहतो.

तारवालादादांच्या सांगण्याप्रमाणे बाटली टांगली. आधी वीतभर उंचीवर होती, थेंब पडताना दिसायचा पण खिडकीतून ऐकू येत नव्हता. दोन फुटांवर नेली तर शिंतोडे बाहेर. शेवटी सव्वा फुटावर जमलं. रात्री चाक बंद करते.

एक अडचण आहे. कावळा कुठून तरी हाडं आणि सुकलेले तुकडे आणून पाण्यात भिजत घालतो. सकाळी पाण्याला वास येतो.

दयाळ

कडक अन्न मऊ करायची त्याची ती पद्धतच आहे. हाकलू नका, कावळा चेहरा लक्षात ठेवतो. त्याच्यासाठी दुसरं थोडं खोल भांडं बागेच्या टोकाला ठेवा, दगड घालून. बहुतेक तिकडे जाईल. तोवर दिवसातून दोनदा पाणी बदला.

आणि त्या भांड्याशेजारी एका पसरट ताटलीत ओली वाळू ठेवून बघा, फुलपाखरं त्यातले क्षार शोषायला बसतात. मधमाश्या आल्या तर पाण्यात छोटे खडे घाला, नाहीतर बुडतात.

जुना पिंपळ

ताई, मग काय घेताय?

अंगणवेडी

काका, कारंजं नाही आणि निळी थाळीही नाही. हीच मातीची ताटली ठेवायची. एक जादाची आणलीये, एक वाळत असते तेव्हा दुसरी बाहेर. तिवई डुगडुगायची म्हणून तिला खालून वीट बांधली. सच्छिद्र मातीतून पाणी झिरपत राहतं, त्यामुळे दुपारीही गारच असतं. आमच्याकडे पाणी गोठण्याएवढी थंडी पडत नाही, नाहीतर माती तडकली असती म्हणे. कावळ्याचं भांडं झाडापलीकडे ठेवलंय, तीन दिवसांत दोनदा तिकडे गेला.

काल दुपारी मी आत होते. सासऱ्यांनी हाक मारून सांगितलं, ‘थेंब थांबला बघ.’ जाऊन पाहिलं तर बाटली रिकामी होती. भरून नळी सुरू केली आणि त्यांच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने म्हणाले, ‘आता जो आला तो लहान आहे, पाणी हळू उडवतोय.’ हातभर अंतरावर शिंपी पक्षी होता. मला तोपर्यंत दिसलाही नव्हता.

तारवाला

ताई, बाटली पाच लिटरची टांगा आणि वरची खुंटी पक्की करून घ्या. बाटली भरलेली असताना खुंटी खूप वाकत असेल तर नळी सरकते आणि थेंब ताटलीबाहेर पडतो.

अंगणवेडी

आजच बदलते. खुंटी थोडी वाकलीच आहे.